डाव्या हाताच्या चट्ट्यांचा खुलासा

भिलाई, कॅम्प दोन
पौष वद्य, सन १९६२

तीर्थस्वरूप शेषरावमामांच्या दोन्ही पायांवर, पण दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता, भाचा केवलराम याने डोके टेकवले आहे असे समजावे. (तीर्थरूप हा शब्द फक्त आईवडिलांसाठी राखून ठेवावा असे गुरुजींनी सांगितले होते, म्हणून तीर्थस्वरूप लिहिले. बाबा गेल्यापासून माझ्या मनात तुम्ही तीर्थरूपच आहात, पण कागदावर चूक नको.)

मी येथे खुशाल आहे. हे रिवाज म्हणून लिहीत नाही, मुद्दाम लिहीत आहे. का ते पुढे येईल. रुक्मामामींचा खोकला कसा आहे? आई वेळेवर जेवते ना? लाखोळीचे पीक यंदा कसे आहे? तुमच्या गुडघ्याला रुईची पाने गरम करून बांधणे चालू आहे की रॉकेल चोळणे? पाने असतील तर खुशाल बांधा. रॉकेल असेल तर माझी शपथ आहे, आजपासून बंद करा. का तेही पुढे येईल. या पत्रात पुष्कळ गोष्टी पुढे येणार आहेत, म्हणून ते उजेडात बसून, चष्मा लावून आणि जेवण झाल्यावर वाचावे.

तुमचे कार्ड मिळाले. कार्ड उघडे असते त्यामुळे पोस्टमनने, माझ्या खोलीतल्या सुखरामने आणि शेजारच्या भय्याजींनी ते माझ्याआधी वाचले होते, आणि मी कामावरून आलो तेव्हा तिघेही दारात माझ्याकडे मयताच्या घरच्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होते. तुम्ही लिहिले आहे: "पोट्ट्याले कोड हाय, मेह हाय, आन् वरून बाटली बी हाय, हे मले मारोतरावच्या तोंडून ऐका लागलं. म्या माहा शब्द वापस घेतला. तुहं तू पाह्य." मामा, हे वाचून मला ताटावर बसवेना. तुम्ही माझ्यासाठी मारोतरावांच्या नलूचे स्थळ आणले, स्वतः चरोद्याला जाऊन रेल्वेच्या क्वार्टरात शब्द टाकला, आणि मी तुमची मान खाली घालायला लावली असे तुम्हाला वाटते. म्हणून हा खुलासा. माझे मागणे काही नाही. मला कोड नाही. घडीघडी लघवीला लावणारा मेहही नाही. बाटली आहे, पण तीत जे आहे ते मी पीत नाही, उलट त्याच्या अगदी उलटे आहे.

सुरुवात नोकरीपासून करतो. मी लोखंड वितळवतो असे तुम्ही गावात सांगितले आहे हे मला ठाऊक आहे. मी ते खोटे पाडले नाही, कारण तुम्ही फार कौतुकाने सांगितले होते. पण भट्टी मी लांबूनच पाहिली आहे. मी काचा धुतो. दवाखान्याच्या मागे एक खोली आहे, तिथे डॉक्टर उमाकांत नावाचे साहेब प्रयोग करतात, आणि त्यांच्या काचेच्या नळ्या, भांडी, झाकणे स्वच्छ ठेवणे, पाणी कोमट ठेवणे आणि सांगितलेले नीट मांडून लिहिणे हे माझे काम. साहेब रायपूरच्या जुन्या मराठी घरातले आहेत. खुशीत असले की मराठी बोलतात, घाईत हिंदी, आणि रागावले की इंग्रजी बोलतात असे म्हणतात. मी अजून त्यांचे इंग्रजी ऐकलेले नाही.

साहेब काय शोधत आहेत ते नीट लिहितो, कारण सगळा गोंधळ तिथूनच निघाला. आमच्या कारखान्यात दगडी कोळसा बंद भट्टीत भाजून त्याचा कोक करतात, तेव्हा त्यातून डांबर, बेंझॉल अशी उग्र वासाची द्रव्ये निघतात. ती नाकातून किती आत जातात हे मोजण्याच्या रीती आहेत. पण हातावर सांडलेले कातडीतून किती आत जाते? हे कोणाला विचारले तर तो म्हणतो, कातडी म्हणजे अंगाची भिंत, तीतून काय जाणार. साहेब म्हणतात, भिंत खरी, पण मातीची आहे. कुठून ओल झिरपते आणि कुठून झिरपत नाही हे पाहिल्याशिवाय कोणी बोलू नये. मला हे वाक्य इतके आवडले की आमच्या खोलीच्या भिंतीला ओल आली तेव्हा मी पहिल्यांदाच वैतागलो नाही.

पाहायची रीत अशी. काचेची दोन लहान भांडी एकावर एक बसवायची आणि दोन्हींच्या मध्ये कातडी ताणून धरायची, तबल्याच्या पुडीसारखी. खालच्या भांड्यात मीठपाणी, आपल्या अंगाइतके कोमट. ते रक्त समजायचे. त्या पाण्यात तांदळाच्या दाण्याएवढी एक काडी आपोआप गरगर फिरत असते, म्हणजे रक्त खेळते राहते. (खाली लोहचुंबक फिरतो म्हणून ती फिरते. मला हे माहीत नव्हते तेव्हा पहिल्या दिवशी मी तिला हात जोडले होते. साहेबांनी पाहिले, पण हसले नाहीत. म्हणाले, "मीही जोडले असते, पण मला आधीच सांगून ठेवलं होतं.") मग वरच्या भांड्यात ते द्रव्य घालायचे आणि खालचे पाणी अधूनमधून थोडेसे काढून तपासायचे: उतरले का, किती उतरले, सुरुवातीला हळू आणि मग भरभर की शेवटपर्यंत सारखेच. मामा, कातडीच्या अलीकडे ओतलेले पलीकडे येते! डोळ्यांना काही दिसत नाही, कातडी ओली होत नाही, भोक पडत नाही, आणि तरी येते. पाणी जवळजवळ येत नाही. तेलकट द्रव्य येते. आणि रॉकेल कोणत्या जातीचे ते तुम्ही जाणताच.

कातडी डुकराची असते. (हे आईला वाचून दाखवू नका. दाखवत असाल तर इथे तुम्हाला खोकला यावा आणि पुढच्या परिच्छेदावर जावे.) माणसाच्या कातडीला सगळ्यांत जवळची तीच, असे साहेब म्हणतात. मला ते पहिल्यांदा लागले, मग भय्याजींना उघड्या अंगाने आंघोळ करताना पाहिले आणि पटले. मी ती डुकरे पाळणाऱ्यांच्या वस्तीवरून बर्फात घालून आणतो, केस काढतो, आतली चरबी खरवडतो, आणि उजेडासमोर धरून कुठे बारीकसे भोक नाही ना ते बघतो, मामी लुगडे घेताना दुकानात धरतात तशी. नंतर आंघोळ करतो. घरात ते भांडे कधीही आणलेले नाही.

पण मेलेल्या कातडीच्या बोलण्यावर किती भरवसा ठेवायचा, असा साहेबांना प्रश्न पडला. जिवंत माणसावर पाहायचे तर त्याला अपाय होईल असे काही लावता येत नाही. तेव्हा त्यांनी विंटरग्रीनचे तेल निवडले. हे तेल तुम्ही ओळखता. कंबरदुखीच्या मलमाला जो नाकात चढणारा वास येतो तो याचाच. ते हाताच्या आतल्या बाजूला लावून वर काचेची छोटी वाटी पट्टीने बांधायची. मग जे अंगात शिरले ते शेवटी लघवीवाटे बाहेर येणार, म्हणून दिवसभराची सगळी लघवी एका तपकिरी बाटलीत धरायची, थेंबही बाहेर जाऊ द्यायचा नाही, नाहीतर तो दिवस फुकट. तिच्यात लोखंडाच्या एका क्षाराचे थेंब टाकले की जांभळा रंग येतो, आणि जितके तेल आत गेले तितका तो गडद. (लोखंडाच्या गावात तपासायलासुद्धा लोखंडच, याचे मला फार बरे वाटले.) साहेबांनी हे सगळे आधी स्वतःवर केले. मग मला विचारले, आणि म्हणाले, "केवलराम, नको म्हणालास तर काहीच बिघडत नाही. काचा धुवायच्या आहेतच." मामा, आजपर्यंत मला पुष्कळांनी कामे सांगितली, पण नको म्हणण्याची मोकळीक देऊन कोणी विचारले नव्हते. अशा माणसाला नको म्हणवत नाही.

आता चट्टे. तेल कातडीत किती खोल गेले हे पाहण्याची दुसरी रीत अशी की त्याच जागी चिकटपट्टी दाबून ओढायची. तिच्याबरोबर कातडीचा अगदी वरचा, आधीच मेलेला पदर निघून येतो, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. पुन्हा त्याच जागी दुसरी पट्टी, मग तिसरी, आणि कोणत्या पट्टीपर्यंत तेल सापडते ते बघायचे. दुखत नाही, चुरचुरते. पण ती जागा गोल, गुलाबी, चकचकीत होते आणि नंतर आजूबाजूपेक्षा फिकी दिसते. माझ्या डाव्या हातावर अशा तीन जागा एका ओळीत आहेत. कोड म्हणतात ते हेच. साहेबांच्या हातावर तर मोजता येणार नाहीत इतके आहेत, आणि त्यांचे लग्न झालेले आहे.

आता तो दिवस. मारोतराव आणि नलूची आत्या सिंधुताई (नलूची आई नाही, घर हीच आत्या सांभाळते) मुलाचे बिऱ्हाड पाहायला न कळवता आले. मारोतरावांना यार्डातून सुट्टी मिळाली आणि चरोद्याहून गाडी लगेच मिळाली, त्यात त्यांचा दोष नाही. माझा दोष एवढाच की तो माझा बाटलीचा दिवस होता. हातावर वाटी बांधलेली, फळीवर पंचाखाली बाटली. मी घाबरलो. तुम्हाला माहीत आहे की घाबरलो म्हणजे मी पाणी पितो. तरीही रीत सोडली नाही. पाहुणे आले, आधी पाय धुवायला पाणी दिले पाहिजे, म्हणून बाह्या वर सारून तांब्या पुढे केला. सिंधुताईंनी तांब्याकडे पाहिलेच नाही.

"हे काय झालं गा हाताले?"

"काही नाही जी. कातडीचे पदर काढले."

"कोनं?"

"डाक्टरसाहेबानं."

"कावून?"

"किती खोल हाय ते पाहाले."

त्यांनी भावाकडे पाहिले आणि मग मला, लहान मुलाला विचारावे तसे विचारले, "आनिक किती काढाचे बाकी हायेत?" मला नेमके उत्तर देण्याची सवय आहे. मी म्हणालो, "उजव्या हाताचे तं आजून सुरूच नाही केले जी."

यानंतरचे थोडक्यात लिहितो. पाणी प्यायल्याचा परिणाम होऊ लागला आणि मला पंचाखालची बाटली उचलून बाहेर जावे लागले. परत आलो, बसलो, दोन शब्द बोललो, पुन्हा जावे लागले. तिसऱ्या वेळी मारोतराव म्हणाले, "कुठी चालले जी घडीघडी बाटली घेऊन? आमच्या देखत घेतली तरी चालते, आमी रेलवेचे मानसं हाओ." त्यांचा समज झाला की मी बाहेर जाऊन घोट घेतो. मी ओशाळून उभा राहिलो. तेव्हा सुखरामने माझी बाजू घेतली. (सुखराम मनाचा चांगला आहे. त्याने माझी बाजू यापुढे कधी घेऊ नये एवढीच इच्छा.) तो म्हणाला, "नाही जी, दारू नोहे. केवल मुतते तिच्यात. जिकडं जाते तिकडं घेऊनच जाते, साहेबाचा हुकूम हाय. इतकं पानी जाते त्याचं का साहेबाले बी नवल वाटून राहिलं." झाले. कोड होतेच, त्यात मेह आला, आणि बाटलीचा संशय गेला असे मला वाटले होते पण तुमच्या कार्डावरून तोही राहिलाच. सिंधुताई जाताना एवढेच म्हणाल्या, "खोलीत माह्या मलमासारखा वास येऊन राहिला." चहा प्यायले नाहीत. पोह्यांना हात लावला नाही. सुपारी तशीच ताटलीत राहिली. याचा अर्थ काय होतो तो मला लिहिण्याची गरज नाही आणि तुम्हाला वाचण्याची नाही.

तुमचे कार्ड आले त्या दिवशी मी कोमट पाणी फार तापू दिले आणि ताणलेली कातडी बिघडली. साहेबांनी आता इंग्रजी बोलावे म्हणून मी खाली मान घालून उभा राहिलो. त्यांनी विचारले, घरी सगळे ठीक आहे ना? मी कार्ड दाखवले. (ते सगळ्यांनी वाचलेच होते.) साहेबांनी ते दोनदा वाचले आणि खुर्चीवरून उठून म्हणाले, "हे तर माझ्यामुळे झालं. चल चरोद्याला." एवढा शिकलेला माणूस, लाकडी पेटीत नळ्या, माझी भरलेली बाटली आणि थेंबांची कुपी घेऊन, मांडीवर पेटी सांभाळत माझ्या शेजारी गाडीत बसला. मी उभे राहतो म्हणालो तर मला बसवले. वाटेभर मी एकच प्रार्थना करत होतो की साहेबांनी तिथे लघवी हा शब्द उच्चारू नये.

त्यांनी तो उंबऱ्यातच उच्चारला.

सिंधुताईंनी पाणी विचारले नाही. मारोतरावांनी मात्र खाट दिली, आपण जमिनीवर बसले, तपकिरीची चिमूट नाकात घातली आणि म्हणाले, बोला. (तपकीर लक्षात ठेवावी. त्यांना ती इतकी लागते की वास म्हणून काही येत नाही. यार्डात कुठे जळाले तरी दुसऱ्याने सांगावे लागते असे ते स्वतःच सांगतात.) साहेबांनी मला सांगितले होते ते सगळे त्यांना तितक्याच आदराने सांगितले. मारोतरावांनी ऐकले आणि म्हणाले, "डाक्टरसाहेब, कातडं म्हंजे कातडं. त्याच्यातून आत जात असतं तं म्हशी तळ्यात बसून फुगल्या नसत्या काय?" मी डोळे मिटले. पण साहेब खाटेवरून जवळजवळ उठलेच. "बरोबर! अगदी बरोबर! पाणी जात नाही म्हणूनच म्हैस फुगत नाही. पण तेल?" आणि म्हैस, तेल, डांबर यांवर दोघांचे असे काही जमले की मारोतराव जमिनीवर बोटाने रूळ काढू लागले. "म्हंजे आमच्या यार्डासारखंच झालं. येक डबा सिंगलवर उभा ऱ्हायते, येक बिनविचारता सुटते." साहेब म्हणाले हे मला आजपर्यंत सुचले नव्हते. खोटे बोलले नाहीत. परत येताना गाडीत तेच पुन्हा पुन्हा म्हणत होते.

मग त्यांनी माझ्या बाटलीतले थोडे नळीत घेऊन थेंब टाकले. जांभूळ पिळल्यासारखा रंग आला. सिंधुताई दारातून म्हणाल्या, "रंग तं तुमीच टाकला." यालाही साहेब बरोबर म्हणाले. त्यांनी सांगितले की म्हणूनच दरवेळी एक कोरे माणूस लागते, ज्याने असले तेल कधी लावले नाही. त्याच्या नळीत रंग आला नाही तरच माझ्या नळीतला रंग खरा. आम्ही दोघेही कोरे नव्हतो. तेव्हा मारोतराव उठले. "माहं घ्या. म्या जनमात मलम लावलं नाही. ते बायाचं काम हाय." सिंधुताई ओरडल्या, "दादा, लाज हाय काय तुले?" पण ते नळी घेऊन मागच्या अंगणात गेले आणि रात्रपाळीचा माणूस हातातला कंदील आणतो तशी ती समोर धरून परत आले.

साहेबांनी थेंब टाकले. मामा, जांभळा. माझ्याहून गडद.

 साहेबांनी नळी उजेडासमोर धरून पुन्हा पाहिली. त्यांनी डोकेदुखीच्या गोळ्या, चूर्ण, काढा, सगळे विचारले. तसल्या गोळीनेही हाच रंग येतो. मारोतराव नाही, नाही म्हणत गेले. म्हणजे कोऱ्या माणसालाही रंग येतो, म्हणजे रीतच खोटी, म्हणजे साहेबांची एवढी मेहनत पाण्यात, आणि माझे चट्टे पुन्हा कोडच. मला माझ्यापेक्षा साहेबांचे जास्त वाईट वाटत होते असे लिहिणार होतो. पण सारखेच वाटत होते.

तेवढ्यात आतून, दाराच्या फळीमागून, आवाज आला. "बाबा, म्या लावते." मी नलूचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ती म्हणाली की रोज संध्याकाळी बाबांचे पाय चेपताना जवसाच्या तेलात ती आत्याचे मलम मिसळते. दिवसभर रुळावर उभे राहून त्यांचे पाय सुजतात, मलम म्हटले की रागावतात, आणि वास तर त्यांना येत नाही. मारोतराव आपल्या पायांकडे पाहत राहिले, जणू ते दुसऱ्याचे आहेत. मग हळूच म्हणाले, "तरीच म्हनलं, यंदा पाय कावून नाही दुखून राहिले." सिंधुताई म्हणाल्या, "तरीच माही डबी इतक्या लवकर सरून राहिली!" आणि साहेब? साहेबांनी दाराच्या फळीला नमस्कार केला. म्हणाले, "बाई, तुमच्यामुळे माझी रीत खरी ठरली. ज्याला स्वतःलाच ठाऊक नाही त्याच्या अंगातलंसुद्धा हिनं शोधून काढलं."

त्यानंतर पाणी आले, चहा आला. सिंधुताईंनी माझा हात उजेडात ओढून चट्टे बोटाने दाबून पाहिले आणि म्हणाल्या, "हो गा, हे तं नवं कातडं हाय." मी उठता उठता फळीमागून नलूने आणखी एकच विचारले: "डाक्टरसाहेब, मंग हळद किती आत जाते?" मामा, मी दोन वर्षे तिथे काचा धुतो आहे, मला हे कधी सुचले नाही. साहेब पेटी बंद करायची विसरले. कोणीच कधी मोजले नाही, असे ते म्हणाले. त्यावर त्यांनी आणखी काय म्हटले ते इथे लिहिण्याची गरज नाही.

तर असा खुलासा आहे. डॉक्टर उमाकांतांसारखा माणूस मी पाहिला नाही: प्रत्येक शंकेला ते घरी आलेल्या पाहुण्यासारखे वागवतात. आणि मी आधी लिहिल्याप्रमाणे माझे मागणे काही नाही. मामींना, आईला नमस्कार. गुडघ्याला जपावे. ज्याचे दोन्ही हात आता निर्दोष आहेत आणि तुमच्याच पायांशी जोडलेले आहेत, तो तुमचा भाचा,

केवलराम

ता. क. मागणे नाही असे लिहिले, पण एक आहे. निघताना मारोतराव म्हणाले की पोरगा चांगला आहे, पण शब्द मामांनी दिला होता आणि मामांनीच वापस घेतला, तेव्हा मामा स्वतः येऊन पुन्हा देतील तरच साक्षगंध करून लग्न पक्के करू. नाहीतर मूल गावच्या एका पोराचे बोलणे आले आहे, त्यांना हो म्हणावे लागेल. तुम्ही रागात आहात हे मी जाणतो. तरी यावे. गुडघ्यासाठी मी स्टेशनवर सायकल घेऊन उभा राहीन. आल्यावर तुम्ही माझा हात हवा तितका दाबून पाहावा.

पुन्हा ता. क. साहेब त्या दिवशी म्हणाले ते आता लिहावेच लागते. लग्न ठरले (ठरेलच असे मी धरून चाललेलो नाही) तर हळदीच्या दिवशी त्यांना पट्ट्या घेऊन यायचे आहे. माझ्या उजव्या हाताला हळद लावावी आणि डावा हात पूर्ण कोरा ठेवावा. मग दोन्ही हातांचे पदर काढून हळद किती खोल गेली ते ते पाहतील. तेव्हा रुक्मामामींना आणि बाकीच्या बायांना तुम्ही आत्तापासून समजावून ठेवावे. मला त्या ऐकणार नाहीत. साहेबांनी माझ्यासाठी एवढे केले, मला नाही म्हणता येत नाही.

शेवटचे ता. क. पाकीट चिकटवणार तोच सिंधुताई कंबर दाखवायला दवाखान्यात आल्या आणि जाता जाता दारात मला गाठून नलूचा निरोप सांगितला. नलूने म्हटले आहे, "मोजणं चांगलं हाय, पन हळद अर्ध्या मानसाले नाही लावत. माह्याकडं जे उष्टी हळद येईन, ते पुऱ्या मानसाची येऊ द्याजो." म्हणून मामा, वरचे ता. क. वाचले नाही असे समजावे. मामींना सांगा की त्या दिवशी मी कितीही नको नको म्हणालो, आणि साहेब समोर उभे असल्यामुळे मी मोठ्याने म्हणणार आहे, तरी दोघी-तिघींनी मला धरावे आणि आधी डाव्याच हाताला लावावी, तिन्ही चट्ट्यांवर जरा जास्त. साहेबांना मी सांगीन की बायांनी ऐकले नाही. यावर ते लगेच विश्वास ठेवतील, घरी त्यांचाही अनुभव तसाच आहे. कोरी कातडी लागलीच तर बर्फात ठेवलेली आहे. तिच्या हळदीची कोणी वाट पाहत नाही.